कथलाचा हिवाळा

दिल्लीत हिवाळ्यात उन्हाला जागा धरावी लागते. आमच्या द्वारकेच्या सोसायटीत दोन उंच इमारतींच्या मधल्या लॉनवर ऊन उतरतं तेच मुळी अकराच्या पुढे, आणि ते उतरलं की म्हाताऱ्यांची लगबग सुरू होते. कुणी खुर्ची आणतं, कुणी चटई, कुणी नुसता नातवाचा स्वेटर टाकून बाक अडवून ठेवतं. परवा धुकं फाटलं आणि या मोसमातलं पहिलं खरं, पाठीत शिरणारं ऊन पडलं, तेव्हा मीही खाली गेले. हे पावसाळ्यात गेले. त्यांच्याशिवायचा माझा हा पहिला हिवाळा. त्यामुळे बाकावर जागा भरपूर होती.

शेजारच्या बाकावर सोसायटीतली तीन तरुण मुलं फोनमध्ये डोकी घालून शेअर्सचं बोलत होती. कुठल्याशा धातूची कंपनी, छोटी आहे, पण वर जाणार, यार अभी ले ले, बाद में रोएगा. मी संत्रं सोलत ऐकत होते. ती भाषा, तो उतावळेपणा, ते एकमेकांच्या मांडीवर थापा मारणं, सगळं इतकं ओळखीचं होतं की मला हसूच आलं. नावं बदलली, फोन आले, पण उन्हात बसून खाणींचे मनोरे रचणारा पुरुष काही बदललेला नाही.

आमच्या वेळी ती खाण कथलाची होती. कथील म्हणजे टिन. हे सांगावं लागतं, कारण दिल्लीत वाढलेल्या पोरांच्या मराठीतून असे शब्द कधी गळून पडतात ते आपल्याला कळतही नाही. माझ्या मुलानं तेव्हा विचारलं होतं, टिन म्हणजे डबा ना, डब्याची खाण कशी असेल? त्याच्या वडिलांनी त्याला धातू, खनिज, नदीतली वाळू असं बरंच काही समजावलं. तो अगदी कळल्यासारखी मान हलवून खेळायला पळाला.

आम्ही तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. मधे चौकोनी लॉन, चारी बाजूंना पिवळट इमारती, दोरीवर रजया वाळत घातलेल्या. रविवारी सकाळी त्या लॉनवर अख्खा भारत उन्हाला बसायचा. तमिळ बायका एका कोपऱ्यात, बंगाली दुसऱ्या कोपऱ्यात, पंजाबी सगळीकडे. सगळ्यांच्या हातात विणकाम. भाजलेल्या शेंगांची टरफलं, गजकचा, म्हणजे तिळाच्या चिक्कीचा, कागद, पेरूवर मीठ-मसाला. आमचा मराठी कोपरा लहान होता. आम्ही मोहिते, वरच्या मजल्यावरचे वानखेडे, आणि समोरच्या इमारतीतले साळवे. वानखेडे भाऊजी अकोल्याकडचे, बौद्ध, हिशेबाला चोख आणि कायद्याला त्याहून चोख. साळवे भाऊजी नगरचे, ख्रिस्ती. नाताळला त्यांच्या रूथवहिनींकडून केकबरोबर करंज्याही यायच्या, आणि खरं सांगायचं तर माझ्या करंज्यांपेक्षा त्या खुसखुशीत असायच्या. तिघंही वेगवेगळ्या मंत्रालयांत. तिघांचाही जन्म फायली हलवण्यात, म्हणजे मुख्यतः न हलवण्यात, गेलेला.

त्या वर्षी हवेतच काहीतरी होतं. देशाची दारं उघडली म्हणत होते. दारं उघडली तेव्हा आत काय आलं ते मला ठाऊक नाही, पण बाहेर पडलं ते माणसांचं डोकं. दूध घ्यायला रांगेत उभं राहावं तर पुढचा शेअर्सचं बोलतोय. न्हाव्याकडे तेच, बसच्या स्टॉपवर तेच. ज्या माणसांनी आयुष्यात पोस्टाच्या बचतपत्रापलीकडे धाडस केलं नव्हतं, ती गुलाबी पेपर काखेत मारून हिंडू लागली. कॅनॉट प्लेसच्या फुटपाथवर नव्या कंपन्यांचे अर्ज फुकट वाटायचे. आमच्या घरात ते इतके साठले की मी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर धोब्याचा हिशेब लिहायची.

कथील आणलं साळवे भाऊजींनी. मध्य प्रदेशच्या जंगलात नदीच्या काठी कथलाची माती सापडते, आणि ती काढणाऱ्या दोन-तीन लहान कंपन्या निघाल्यात, त्यांतल्या एकीचे शेअर्स लोकांसाठी खुले होणार, ही बातमी त्यांना ऑफिसात कुणी दिली. नाव नाही सांगत मी, मेलेल्या कंपनीला कशाला उठवा. खाणी छोट्या आणि कंपन्या त्याहून छोट्या. पण साळव्यांचं म्हणणं असं, की मोठ्या झाडाखाली काय मिळणार, मोठ्या कंपन्यांचे भाव आधीच चढलेत. बी घ्यावं ते लहान. वानखेडे विचारायचे, मातीत कथील किती टक्के? रस्ता आहे का? पावसाळ्यात काम चालतं का? आमचे हे काहीच विचारायचे नाहीत. शेंगा सोलून सगळ्यांच्या पुढ्यात दाणे ठेवत बसायचे.

आणि त्यातच कल्हईवाला आला. दर हिवाळ्यात यायचा, ‘कलई करा लो’ ओरडत, भाता घेऊन. एरवी पुरुषांना त्याचं काय? त्या रविवारी तिघंही उठून त्याच्याभोवती उभे राहिले. नवसागराचा तो नाकात जाणारा धूर, तापलेल्या पातेल्यात कापसाच्या बोळ्यानं फिरणारी चांदीसारखी रेघ, आणि हे तिघं त्या रेघेकडे बघताहेत असे भक्तिभावानं की काय सांगू. साळव्यांनी विचारलं, क्यों भई, रांगा महँगा हुआ? रांगा म्हणजे कथीलच. तो म्हणाला, बहुत महँगा साहब. अरे, कल्हईवाला दर वर्षी तेच म्हणतो, म्हटल्याशिवाय दर कसा वाढवणार? पण या तिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू लंडनच्या बाजारातून तार आली. आम्हा बायकांचा फायदा मात्र झाला. त्या हिवाळ्यात घरातलं एकही पितळेचं भांडं कल्हईवाचून राहिलं नाही. अजून कथील बघायचंय म्हणून साळवे भाऊजी स्वतः पातेली उचलून आणून देत होते.

आता हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण एक गोष्ट नव्हती. साळवे त्याच वसंतात रिटायर होणार होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. आमची बाकीच्यांची वर्षं शिल्लक होती, आणि काहीच नाही तर मागे गाव होतं, भावाची वाटणी होती. साळव्यांना गाव होतं पण घर नव्हतं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, जन्म मिशनच्या घरात गेला, आणि ते घर नोकरीबरोबर सुटलं. आता इतिहास पुन्हा तसाच. रूथवहिनी मला एकदा स्वेटरचे टाके मोजता मोजता म्हणाल्या, आमच्या घराण्याला भिंतीत खिळा ठोकायचं भाग्यच नाही, दर वेळी आपला सरकारचा नाहीतर देवाचा खिळा.

म्हणून तर तिघांनी मिळून पप्पनकलांच्या एका सोसायटीत नावं घातली होती. द्वारका हे नाव नंतरचं, तेव्हा पप्पनकलांच म्हणायचे. नाव घातलं त्याच आठवड्यात आम्ही तीन स्कूटरवर सहा जण जागा बघायला गेलो. बघायला काय, धूळ, किकरची म्हणजे बाभळीची झुडपं, लांबवर मोहरीचं पिवळं शेत आणि जमिनीत ठोकलेल्या खुंट्या. डोक्यावरून विमानं इतकी खाली जात होती की बोलणं थांबवावं लागे. साळवे भाऊजी त्या धुळीत मधोमध उभे राहिले, हात आडवा करून म्हणाले, ही माझी बाल्कनी. मग दोन पावलं सरकले आणि म्हणाले, इथे रूथची तुळस. ख्रिस्त्याच्या घरी तुळस कशाला, असं वानखेड्यांनी चिडवलं, तर म्हणाले, खोकल्याला. मला त्यांचा तो आडवा हात अजून दिसतो.

पहिला हप्ता त्यांनी कसाबसा भरला होता. दुसऱ्याचे पैसे हाताशी होते, तिसऱ्याचे नव्हते. आणि त्यांच्या डोक्यात बसलं ते हे, की दुसऱ्या हप्त्याचे पैसे कथलात घालायचे, शेअर बाजारात आला की वर जाईल, विकायचा, आणि दोन्ही हप्ते एकदम भरायचे. गेले तर? हा प्रश्न कुणी विचारायचा? त्या माणसाचं तोंड बघून कुणाची जीभ रेटत नव्हती. मी आमच्या ह्यांना घरात म्हटलं, बाजारात तुरी आणि तुम्ही तिघं लॉनवर त्यांची फोडणी करताय. हे म्हणाले, बघू. ‘बघू’ आणि ‘बघतो’ या दोन शब्दांवर या माणसानं पूर्ण संसार केला.

तिघांचं एक ठरलेलं होतं. सोसायटीत नावं घातली ती तिघांनी मिळून, तसंच कथील घेतलं तर तिघांनी, नाहीतर कुणीच नाही. एकट्यानं बुडायचं नाही आणि एकट्यानं तरायचंही नाही. आता तिघांचं एकमत व्हायचं कसं? तेव्हा वानखेडे भाऊजी म्हणाले, असं तोंडी नको. विषय गंभीर आहे, फाइलवर येऊ द्या.

आणि खरोखर फाइल उघडली. खाकी पुठ्ठा, टॅग, डाव्या बाजूला टिपणी, उजवीकडे कागदपत्रं. साळव्यांनी प्रस्ताव लिहिला, मराठीत. ऑफिसात आयुष्यभर इंग्रजी आणि हिंदी लिहिलेली ही माणसं, त्यांच्या नोकरीतली ही पहिली मराठी फाइल. मग काय, पोरांसारखे हरखले. ‘सादर’, ‘सविनय सादर’, ‘पृच्छेचे उत्तर सोबत’. वानखेड्यांनी पाच शंका काढल्या, त्यांतली एक अशी की सरकारी नोकरानं सट्टा करू नये, तेव्हा हा सट्टा आहे की गुंतवणूक? फाइल परत साळव्यांकडे. साळव्यांनी दोन पानांचं उत्तर लिहिलं. फाइल पुन्हा वानखेड्यांकडे. ने-आण करायचो आम्ही बायका, वर तिळगुळाची वाटी ठेवून. वानखेड्यांनी शेवटी ‘सहमत’ लिहून खाली लफ्फेदार सही केली. तोवर संक्रांत उलटून गेली होती आणि अर्ज भरायची मुदत तोंडावर आली होती. राहिली होती एकच सही, आमच्या ह्यांची.

साळवे स्वतः फाइल घेऊन आले. ह्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाटावर ठेवली, म्हणाले, बघतो.

तिथे ती राहिली. त्याचं भिजत घोंगडं झालं. मी रोज झाडू मारताना वर बघायची. दोनदा आठवण केली, दोनदा ‘बघतो’. शेवटच्या दिवशी सकाळी साळवे दारात येऊन उभे राहिले, मफलर गुंडाळलेला, हातात भरलेला अर्ज. आत आले नाहीत. हे दाढी करत होते, तोंडाला फेस.

“मोहिते, बँक दुपारपर्यंतच आहे,” साळवे म्हणाले.

“हो, बघतो ना,” हे म्हणाले, आणि आरशाकडे वळले.

साळवे जिना उतरून गेले. बँकेची वेळ गेली. असा गोंधळ फक्त सरकारी माणसंच घालू जाणोत. दुसरे कुणी असते तर भांडून घेतले असते किंवा भांडून सोडले असते. यांचं कथील सहीवाचून राहिलं.

आणि मग तो शेअर वर गेला. आधी थोडा, मग दुप्पट, मग त्याहून पुढे. गुलाबी पेपर उघडायची भीती वाटायची. साळवे भाऊजी लॉनवर यायचे बंद झाले. मराठी कोपऱ्यात दोन पुरुष उरले, आणि दोघंही बोलत नव्हते. ऊन तेच, शेंगा त्याच, पण त्या रविवारांना काही चवच नव्हती. मी ह्यांच्यावर चिडले. म्हटलं, एक सही करायला काय झालं होतं, त्या माणसाच्या डोक्यावर छप्पर आलं असतं. हे रात्रीचं जेवण अर्धवट टाकून उठले, आणि तसे पुष्कळ दिवस उठत राहिले. आमचा माणूस ढिला होता, निर्दय नव्हता, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या हप्त्याची तारीख आली. पैसे हातात होते, कथलात गेले नव्हते, म्हणून साळव्यांनी मुकाट्यानं भरले. तिसरा रिटायरमेंटच्या पैशातून निभावला, आणि क्वार्टर सोडून ते जवळच भाड्याच्या घरात गेले. उन्हाळा लागला, आणि एक दिवस वानखेडे ऑफिसातून आले ते पांढरेफटक. कथलाच्या कंपनीच्या दाराला कुलूप होतं. शेअर कुणी फुकट घेईना. जंगलात म्हणे एक पाटी आणि एक जुना पंप, बाकी नदी आपली वाहतेय.

त्याच संध्याकाळी साळवे आले, काखेत एवढं मोठं कलिंगड. कितीतरी महिन्यांनी उंबरा ओलांडला त्यांनी. दोघं पंख्याखाली आतल्या खोलीत बसले. मी कापून फोडी नेल्या तेव्हा दोघंही एकाएकी गप्प झाले. मी वाटी ठेवून बाहेर आले. मला वाटलं, आता हा माणूस आभार मानेल. घर वाचलं ना त्याचं.

कसले आभार अन् काय! पुढच्या हिवाळ्यात लॉनवर पहिलं वाक्य काय, तर या मोहित्यानं माझं कथील अडवलं. मी म्हणे चढत्या भावात विकून मोकळा झालो असतो, कुलूप लागायच्या आधी. सगळे तसंच म्हणतात, वरच्या टोकाला विकलं असतं. कुणी विकलेलं मी आजवर पाहिलं नाही. पुढे सोसायटी बांधून झाली, आम्ही सगळे इथे आलो. साळव्यांना बाल्कनी मिळाली, रूथवहिनींना तुळस मिळाली, खोकलाही मिळाला बिचारीला, ती गेली त्यातच. वानखेडे मुलीकडे पुण्याला गेले. उरले हे दोघं. दर हिवाळ्यात याच बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्याला साळवे सांगणार, हा माणूस, याच्या ढिलाईनं माझं नुकसान केलं. आणि आमचे हे खाली मान घालून शेंगा सोलणार. मला इतका संताप यायचा. एकदा मी तोंडावर म्हटलं, भाऊजी, ज्या बाल्कनीत उभं राहून तुम्ही ओरडता ती कुणामुळे आहे? ह्यांनीच मला गप्प केलं. म्हणाले, बोलू दे गं त्याला.

त्यामुळे हे गेल्यापासून माझ्या मनात एकच सल राहिला होता. हा माणूस ते दुखणं उरात घेऊन गेला का? मित्राचं आपण नुकसान केलं असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं का? विचारायचं राहून गेलं. दवाखान्यात असलं कुणी विचारत नाही.

तर परवा ती मुलं धातूचं बोलत होती, आणि साळवे भाऊजी काठी टेकत टेकत आले. नव्वदीला टेकलेत आता. माझ्या शेजारी बसले. मुलांचं सगळं त्यांच्या कानावर पडत होतं. मी वाट बघत होते, आता भाऊजी सुरू करतील. एरवी नुसता ‘शेअर’ शब्द ऐकला तरी मोहित्याचा उद्धार व्हायचा. पण ते काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून गवताकडे बघत राहिले. ते गप्प बसलेले मला सहन होईना. शेवटी मीच म्हटलं, भाऊजी, सांगा ना या मुलांना कथलाचं, ह्यांनी कसं अडवलं ते.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे न बघता बोलू लागले.

“वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. फाइल त्याच्याकडे शेवटी पाठवली ती मी मुद्दाम. तो बसवून ठेवणार हे मला माहीत होतं. मला फार भीती वाटत होती, रूथचं घर जाईल म्हणून. पण एवढा नाचलो होतो, मागे कसा फिरू? वानखेड्यानं ‘नको’ लिहिलं असतं तर मी हट्टानं केलं असतं. मोहिते ‘नको’ म्हणत नसे. तो ‘बघतो’ म्हणे.”

मी विचारलं, ह्यांना हे ठाऊक होतं?

“कलिंगड घेऊन आलो होतो ना, तेव्हा सांगितलं. तर म्हणतो, साळवे, मी ती फाइल उघडलीच नाही. उघडली असती तर तुझ्या तोंडाकडे बघून सही केली असती.” त्यांनी नाक पुसलं. “मी रडायला लागलो, पाया पडायला वाकलो, तर रागावला. म्हणाला, खबरदार, आभार मानलेस तर मी लॉनवर यायचा नाही. शिव्या घाल. शिव्या घालणारा मित्र बरा, उपकाराखाली वाकलेला मला नको.”

इतकी वर्षं. इतके हिवाळे मी या माणसावर मनातल्या मनात दात खात होते, आणि तो आमच्या ह्यांच्याच सांगण्यावरून न चुकता शब्द पाळत होता. आणि आमचे हे, शेंगा सोलता सोलता, खाली मान घालून, काय करत होते ते मला आता कळलं. हसत होते. माझ्यापासून लपवून.

माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्याच क्षणी हे इतके आठवले की बसवेना. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही आता बंद करू नका. माझ्यासाठी तरी शिव्या घाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काठी सावरली, शेजारच्या मुलांना हाक मारली, आणि त्या थरथरत्या, पण चांगल्या खणखणीत आवाजात हिंदीतून सुरुवात केली, की सुनो बेटा, इनके पती थे, मोहिते साहब, पूरी दिल्ली में उनसे ढीला आदमी नहीं था. मुलं हसली. मी त्यांचा हात धरला, आणि आम्ही दोघं म्हातारी भर उन्हात, सगळ्या सोसायटीसमोर, मनसोक्त रडलो.